यादी सोडा, बीट कुणाचं ते बघा: क्लासिक हिप-हॉप अल्बम ऐकायला लागणाऱ्यांसाठी

हिप-हॉपची गोडी लागलेला माणूस पुढची पायरी म्हणून हमखास एक गोष्ट करतो. ‘आजवरचे शंभर महान रॅप अल्बम’ छापाची यादी उघडतो, वरून खाली ऐकत सुटतो आणि चौथ्या-पाचव्या अल्बमपाशी कंटाळतो. दोष त्याचा नसतो. यादीत १९८८चा कानठळ्या बसवणारा अल्बम १९९८च्या निम्म्या गायलेल्या अल्बमला खेटून उभा असतो आणि दोघांचं नातं काय, हे यादी सांगत नाही. ते नातं कळायला लागलं की एक अल्बम स्वतःच पुढचा सुचवतो. म्हणून या लेखाची सुरुवात एकाच अल्बमपासून आहे. पुढचे रस्ते त्यातूनच फुटतात.

रस्ते शोधायची युक्ती सोपी आहे. हिप-हॉपमध्ये नाव रॅपरचं होतं, पण गाण्याचा नाद, वेग आणि रंग ठरवतो तो बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, बांधणारा. त्याला तिकडे प्रोड्यूसर म्हणतात. आपल्या सिनेमातला पैसे घालणारा निर्माता तो नव्हे, जवळजवळ संगीतकारच. एखादं गाणं आवडलं की त्या रॅपरची बाकीची गाणी धुंडाळण्याआधी बीट कुणाचं होतं ते पाहायचं आणि त्या नावाच्या मागे जायचं.

पहिली पायरी: ‘इल्मॅटिक’, आणि सध्या फक्त ‘इल्मॅटिक’

१९ एप्रिल १९९४ला आलेला नाझचा हा पहिला अल्बम. सुरुवात याच्यापासून का, तर कारणं व्यवहारी आहेत. लांबी साधारण चाळीस मिनिटं. ट्रॅक दहाच, त्यातला पहिला निव्वळ प्रास्ताविक. पाहुणा रॅपर एकच, ए-झी. सगळ्या गोष्टी एकाच वस्तीतल्या: न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली क्वीन्सब्रिज ही सरकारी घरांची अवाढव्य वसाहत, जिथे नाझ वाढला. अल्बम आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मुखपृष्ठावर त्याचा लहानपणचा चेहरा आणि त्यातून आरपार दिसणारी ती वसाहत. आपल्या कामाची खरी गोष्ट अशी की या छोट्याशा अल्बमची बीट्स पाच वेगवेगळ्या माणसांनी बांधली आहेत. त्या काळातल्या न्यूयॉर्कचे बिनीचे लोक इथे एकाच दारात भेटतात.

‘गली बॉय’मुळे इकडे वळलेल्यांसाठी अजून एक धागा आहे. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नाझचं नाव आहे आणि ‘एनवाय से मुंबई’ या गाण्यात तो डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांच्या जोडीला ऐकूही येतो. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजाशी तुमची ओझरती ओळख झालेली आहे, त्याचंच हे पहिलं काम.

अ‍ॅपवर शोधताना दोन गोष्टी सांभाळा. २०१४मध्ये या अल्बमची विसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली, तिच्यात रीमिक्स आणि जुनी रेकॉर्डिंग्ज जोडली आहेत. ती नंतर. आधी मूळचे दहा ट्रॅक. दुसरं, शिव्या गाळलेली ‘क्लीन’ आवृत्ती टाळा. शब्द गाळला की ओळीत भोक पडतं, आणि इथे ओळीचा तोल हीच तर कला आहे. शफल अर्थातच बंद. गाण्यांचा क्रम कुणीतरी विचार करून लावलेला असतो.

दुसरी पायरी: तीनदा ऐका, तिन्ही वेळा वेगळं

पहिल्या वेळी शब्द स्क्रीनवर उघडू नका. इयरफोन किंवा बरा स्पीकर घ्या. फोनच्या स्पीकरमधून बास जवळपास येतच नाही, आणि बास गेला की निम्मं संगीत गेलं. मग फक्त ताल पकडा. एक, दोन, तीन, चार. दोनवर आणि चारवर जो खणखणीत फटका बसतो तो स्नेअर या ड्रमचा. मान आपोआप त्याच्यावर हलायला लागते. ‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’मध्ये खाली एक जड, धमकावणारा पियानो सारखा फिरत राहतो. सुरुवातीला नाझ पुटपुटतो की हे कसं सुरू करायचं ते मला कळत नाहीये, आणि पुढच्याच क्षणी असा सुटतो की श्वास कुठे घेतला ते सापडत नाही. शब्द डोक्यावरून जातील. जाऊ द्या. क्वीन्सब्रिजची ती बोली खुद्द अमेरिकेतल्या कित्येकांनाही एका फटक्यात कळत नाही, तेव्हा आपल्या इंग्रजीला नावं ठेवायचं कारण नाही.

दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवा. ‘जीनियस’सारख्या संकेतस्थळावर ओळीगणिक टिपा असतात. तिथल्या बऱ्याच टिपा कुणीही हौशी माणसाने लिहिलेल्या असतात, म्हणून संदर्भासाठी वापरा, निवाड्यासाठी नको. या फेरीत यमकांकडे लक्ष द्या. आपल्या कानाला यमक ओळीच्या शेवटी ऐकायची सवय. इथे ते ओळीच्या पोटात येतं, दोन-तीन शब्दांचं मिळून येतं, कधी पुढच्या ओळीच्या मध्यावर जाऊन जुळतं. पेन्सिल घेऊन एका कडव्यातले जुळणारे आवाज एकदा खरोखर अधोरेखित करून बघा. पानभर रेघा होतील. (‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच की’ असं म्हणून मोकळं व्हायचा मोह या टप्प्यावर होतो. पोवाड्यावरही अन्याय होतो आणि रॅपवरही.)

‘वन लव्ह’ या गाण्यासाठी थोडा जास्त वेळ काढा. ते पत्र आहे: तुरुंगात असलेल्या मित्राला बाहेरून लिहिलेलं. तुला मुलगा झाला, अमका असं वागतो, तमका गेला. ओरड नाही, उपदेश नाही, गल्लीतल्या बातम्या. त्याच्याखाली अंगठ्यांनी वाजवायच्या आफ्रिकन वाद्याचा एक थेंब-थेंब सूर आहे, हीथ ब्रदर्स या जॅझ मंडळींच्या रेकॉर्डवरून उचललेला. बातम्या जितक्या वाईट, तितका तो सूर शांत. हे बीट क्यू-टिपचं. नाव लक्षात ठेवा.

तिसरी फेरी सॅम्पलची. जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून, त्याचा वेग बदलून, तो फिरवत ठेवायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं, हे हिप-हॉपचं मूळ तंत्र. ‘हूसॅम्पल्ड’ या संकेतस्थळावर गाण्याचं नाव टाकलं की मूळ तुकडा ऐकायला मिळतो. ‘इल्मॅटिक’च्या शेवटच्या गाण्यात मायकल जॅक्सनचं ‘ह्युमन नेचर’ आहे, ते बहुतेकांना स्वतःहूनच ओळखू येतं. ‘द वर्ल्ड इज यॉर्स’मधला पियानो अहमद जमाल या जॅझ वादकाचा. ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी जे कॉर्नेट, ट्रम्पेटच्या जातीचं वाद्य, वाजतं ते मात्र कुठल्या रेकॉर्डवरचं नाही. ते नाझच्या वडिलांनी, ओलू दारा यांनी, स्वतः वाजवलंय.

तिसरी पायरी: नावांच्या मागे

आता ‘इल्मॅटिक’मधून बाहेर पडायचं. कुठल्या गाण्यापाशी तुम्ही सर्वात जास्त थांबलात, त्यावर रस्ता ठरतो. चारही एकदम घेऊ नका.

‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’ किंवा ‘रेप्रेझेंट’ आवडलं असेल तर ती डीजे प्रीमियरची कामगिरी. त्याची स्वतःची जोडी म्हणजे गँग स्टार, सोबतीला गुरू हा रॅपर. ‘स्टेप इन द अरीना’ (१९९१) किंवा ‘डेली ऑपरेशन’ (१९९२), कुठलाही एक घ्या. गुरूचा आवाज एकसुरी आहे आणि तेच त्याचं बळ, कारण सगळी हालचाल बीटमध्ये चालू असते. प्रीमियरची सही ओळखायला शिका: गाण्याचा मुखडा तो बरेचदा कुणाला गायला लावत नाही. इतर रॅपरांच्या गाण्यांतले सुटे शब्द तबकडीवर खरवडून त्यांचंच एक वाक्य जुळवतो. एकदा ओळखू आलं की नव्वदच्या दशकातल्या कितीतरी अल्बमांत तुम्हाला तो माणूस न सांगता दिसेल.

‘द वर्ल्ड इज यॉर्स’ आवडलं असेल तर पीट रॉक. त्याचा सी.एल. स्मूथबरोबरचा ‘मेक्का अँड द सोल ब्रदर’ (१९९२) घ्या आणि त्यातलं ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ आधी ऐका. टॉम स्कॉटच्या रेकॉर्डवरून घेतलेला तो सॅक्सोफोन हिप-हॉपमधला बहुधा सर्वांत जिव्हाळ्याचा तुकडा असेल. गाणं १९९०मध्ये अकाली गेलेल्या ट्रॉय डिक्सन या नर्तक मित्राच्या आठवणीतलं आहे. पीट रॉकच्या बीटला एक उबदार खरखर असते. तिच्यामागे एसपी-१२०० नावाचं यंत्र आहे. १९८७चं हे यंत्र सगळे तुकडे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवू शकायचं. मग लोकांनी शक्कल काढली: एलपी मिनिटाला ३३ऐवजी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून भराभर साठवायची आणि यंत्रात पुन्हा हळू करायची. सेकंद वाचायचे, आवाज मात्र किंचित किरकिरा व्हायचा. तोच किरकिरेपणा पुढे लोकांना हवाहवासा झाला, इतका की आज सॉफ्टवेअरमध्ये तो मुद्दाम घालतात.

‘हाफटाइम’ आवडलं असेल तर लार्ज प्रोफेसर, आणि त्याच्या मेन सोर्स या गटाचा ‘ब्रेकिंग अ‍ॅटम्स’ (१९९१). यातल्या ‘लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू’ या गाण्यात नाझ पहिल्यांदा रेकॉर्डवर आला, आणि ‘इल्मॅटिक’च्या प्रास्ताविकात मागे जे अस्पष्ट ऐकू येतं ते तेच.

‘वन लव्ह’पाशी थांबला असाल, तर तुमच्या वाट्याला सर्वांत मोकळाढाकळा रस्ता आलाय. क्यू-टिपचा गट म्हणजे अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, आणि अल्बम ‘द लो एंड थिअरी’ (१९९१). नावातच सांगून टाकलंय की हा खर्जाचा अल्बम आहे. पहिलं गाणं सुरू होतं तेव्हा नुसता डबल बास असतो, आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्सकडून घेतलेला, आणि पहिल्याच ओळींत क्यू-टिप सांगतो की माझ्या वडिलांना हे ऐकून बीबॉप, म्हणजे जुन्या जॅझचा एक प्रकार, आठवतं. ‘व्हर्सेस फ्रॉम द अ‍ॅबस्ट्रॅक्ट’मध्ये तर सॅम्पलऐवजी साक्षात रॉन कार्टर बास वाजवतो, माइल्स डेव्हिसच्या गटातला. गुंडगिरी जवळजवळ नाही. दोन दोस्तांच्या गप्पा, कोपरखळ्या, धंद्यातल्या लबाड्यांवर कुरकुर. क्यू-टिपच्या मऊ आवाजाला फाइफ डॉगचा चढा, खट्याळ आवाज मध्येच छेद देतो. हिप-हॉपबद्दल नाक मुरडणाऱ्या घरातल्या माणसाला एकच अल्बम ऐकवायचा असेल, तर मी हा लावेन.

ट्राइबचा पुढचा अल्बम ‘मिडनाइट मरॉडर्स’ ९ नोव्हेंबर १९९३ला आला. त्याच दिवशी वू-टँग क्लॅनचा ‘एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)’ आला. दोन्ही न्यूयॉर्कचे, आणि तरी त्या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर. स्टेटन आयलंडचे नऊ जण, त्यांच्यातल्याच रिझाने (RZA) बांधलेली अर्धवट मळकट बीट्स, मध्ये मध्ये हाँगकाँगच्या जुन्या कुंग-फू चित्रपटांतले संवाद. आधी एक ऐका आणि लगेच दुसरा. त्या एका संध्याकाळी जे कळेल ते दहा लेख वाचून कळणार नाही.

चौथी पायरी: आता मागे

सुरुवात १९७३पासून का नको, हा प्रश्न रास्त आहे. ११ ऑगस्ट १९७३ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, कूल हर्कने, रेकॉर्डी लावल्या. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणारे बेभान होतात हे ओळखून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. पण ती कला पार्टीची होती, अल्बमची नव्हे. १९७९मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ गाजलं, १९८२मध्ये ‘द मेसेज’ आलं, तरी चलती सुट्या बारा इंची तबकड्यांची होती. अल्बम म्हणून सलग ऐकावं असं काम साधारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून हाती लागतं. त्याआधीची पाच-सहा गाणी सुटी ऐका आणि पुढे चला.

‘इल्मॅटिक’मधली ती पोटातली यमकं कुठून आली, तर मुख्यतः राकिमकडून. एरिक बी. अँड राकिमचा ‘पेड इन फुल’ (१९८७) ऐका. त्याआधीचे बहुतेक रॅपर ओरडून, ठोकून बोलायचे. रन-डीएमसीचा ‘रेझिंग हेल’ (१९८६) मुद्दाम शेजारी लावून पाहा. राकिम आवाज चढवत नाही. जागच्या जागी उभं राहून बोलल्यासारखा बोलतो आणि ताल त्याच्या भोवती फिरतो. आजच्या कानाला त्याचे ड्रम कोरडे वाटतील. दुसऱ्या ऐकण्यात सवय होते. १९८८चा एम.सी. लाइटचा ‘लाइट अ‍ॅज अ रॉक’ याच काळातला, एकट्या महिला रॅपरचा पहिला पूर्ण अल्बम. याद्या त्याला सहसा विसरतात, तुम्ही विसरू नका.

मग पब्लिक एनिमीचा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ (१९८८). हा नवख्याला त्रास देणारा अल्बम आहे आणि तो मुद्दाम तसा केलाय. बॉम्ब स्क्वॉड नावाच्या प्रोड्यूसर-टोळीने एका गाण्यात डझनावारी तुकडे एकावर एक रचले. ‘रिबेल विदाउट अ पॉज’मध्ये गाणंभर जी किंचाळी वाजत राहते ती जेम्स ब्राउनच्या वादकांची, जे.बी.ज या गटाची. वर चक डीचा सभेतल्यासारखा आवाज आणि फ्लेवर फ्लेवचा चिमटे काढणारा. सगळा अल्बम एका बैठकीत झेपला नाही तर अर्धा करा. दुसऱ्या दिवशी उरलेला.

त्याचा उतारा म्हणजे दे ला सोल या गटाचा ‘३ फीट हाय अँड रायझिंग’, ३ मार्च १९८९. रंगीबेरंगी, हसरा, मध्ये मध्ये दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेची नक्कल. गाण्यांमधले असे छोटे नाट्यप्रवेश, स्किट, याच अल्बममुळे हिप-हॉपमध्ये रुजले. पुढे काहींनी त्यांचा अतिरेकही केला. तिसऱ्यांदा ऐकताना स्किट ओलांडलंत तर पाप लागत नाही. हा अल्बम कितीतरी वर्षं कुठल्याच अ‍ॅपवर नव्हता. त्यात इतक्या रेकॉर्डींचे तुकडे होते की सगळ्यांची परवानगी हा गुंता होऊन बसला होता. अखेर ३ मार्च २०२३ला तो आला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी गटातला ट्रूगॉय वारला होता.

इथे कायद्याचं एक वळण माहीत असलेलं बरं, कारण ते ऐकू येतं. १९९१मध्ये गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवानगी वापरल्याबद्दल बिझ मार्की हा रॅपर खटला हरला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची किंमत मोजणं भाग पडलं. एका गाण्यात वीस तुकडे परवडेनासे झाले. १९८९चे अल्बम इतके दाट आणि पुढचे बरेचसे एक-दोन तुकड्यांवर उभे का, याचं मोठं कारण हे.

पाचवी पायरी: न्यूयॉर्कबाहेर

एव्हाना न्यूयॉर्कचा कान तयार झाला असेल. मग लॉस एंजेलिस. एन.डब्ल्यू.ए.चा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ १९८८चा. पोलिसांवरच्या गाण्यामुळे एफबीआयने रेकॉर्ड कंपनीला पत्र धाडलं तोच. पहिली तीन गाणी आजही अंगावर येतात. उत्तरार्ध मला सुमार वाटतो, आणि हे म्हटलं की काही मंडळी चिडतात. संगीत म्हणून त्याच गटातल्या डॉ. ड्रेचा ‘द क्रॉनिक’ (डिसेंबर १९९२) कितीतरी पुढचा आहे. इथे तुकडे थेट कापून लावण्यापेक्षा जुन्या फंक (ठेकेदार, बासप्रधान नाचाच्या) गाण्यांच्या चाली वादकांकडून नव्याने वाजवून घेण्यावर भर आहे. वेग संथ, बास रुंद, वर सिंथेसायझरची बारीक शिट्टीसारखी रेघ. न्यूयॉर्कची बीट्स इयरफोन घालून चालणाऱ्यासाठी असतील तर ही उघड्या काचांच्या गाडीसाठी. आणि त्या आरामशीर सुरावटीखाली त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या लॉस एंजेलिसच्या दंगलींची सावली आहे. एका गाण्यात त्या वेळचे लोकांचे आवाजच वापरले आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेला दोन्ही किनाऱ्यांनी, न्यूयॉर्कने आणि लॉस एंजेलिसने, बरीच वर्षं हिशेबात धरलं नव्हतं. ऑगस्ट १९९५मध्ये न्यूयॉर्कमधल्या, ‘द सोर्स’ या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जोडीतल्या आंद्रेने माइकवर सुनावलं की दक्षिणेकडेही सांगण्यासारखं काही आहे. ते काय, हे ‘अ‍ॅक्वेमिनी’त (१९९८) ऐका. सव्वा तासाचा अल्बम आहे, तेव्हा दोन भागांत घ्या. (नव्वदच्या दशकातले अल्बम लांबण्याचं एक साधं कारण म्हणजे सीडीवर तेवढी जागा होती.) ‘रोझा पार्क्स’मध्ये मध्येच हार्मोनिकाचा तुकडा येतो, गावच्या जत्रेतून आल्यासारखा. ‘स्पॉटीऑटीडोपालिशस’ सात मिनिटं चालतं आणि त्यातली ब्रास वाद्यं एकदा डोक्यात शिरली की दिवसभर निघत नाहीत. आंद्रे आणि बिग बॉय यांतला श्रेष्ठ कोण हा वाद घालू नका. अल्बम त्या दोघांच्या न जुळण्यावरच चालतो.

व्हर्जिनियाची मिसी एलियट आणि तिचा जोडीदार टिंबलँड यांचा ‘सुपा डुपा फ्लाय’ (१९९७) ऐकल्याशिवाय दोन हजारच्या पुढचं रेडिओवरचं संगीत कळत नाही. ताल अडखळतो, थांबतो, भलत्याच जागी पडतो, आणि त्यातच नाचायला होतं. २००१च्या ‘गेट युअर फ्रीक ऑन’मध्ये तर तुंबी आणि तबला आहे.

शिव्या, आणि घरी ऐकणं

हे टाळून लेख पुरा होत नाही. यातल्या बऱ्याच अल्बमांत स्त्रियांबद्दल जे बोललंय ते किळस यावी असं आहे. ‘द क्रॉनिक’ त्यात अग्रेसर. काळ तसा होता, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही; त्याच काळात ट्राइब आणि दे ला सोलही होतेच. एखादं गाणं नकोसं झालं तर पुढे सरका, अल्बम अपुरा ऐकल्याचा दंड नाही. कृष्णवर्णीयांसाठीचा तो एक शब्द ते लोक आपसात वापरतात. गाणं पाठ झालं तरी तो आपण उच्चारायचा नाही, कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही नाही आणि परदेशात असाल तर मुळीच नाही.

दिवाणखान्यात मोठ्याने लावता येईल असं हवं असेल तर लॉरिन हिलचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ (१९९८). ती रॅप करते आणि गाते, दोन्ही तितक्याच ताकदीने. सुरुवातीला वर्गात हजेरी चालू आहे, तिचं नाव पुकारलं जातं आणि ती गैरहजर असते. मग अल्बमभर तो वर्ग प्रेमाबद्दल बोलत राहतो. ते शिक्षक म्हणजे रास बराका, जे पुढे न्यूआर्क शहराचे महापौर झाले. १९९९मध्ये या अल्बमला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. ‘टू झायन’मधली गिटार कार्लोस सँटानाची.

ओळखीचा आवाज भेटला तर

सॅम्पल शोधायची सवय लागली की कधीतरी आपलंच काहीतरी समोर येतं. २००२मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजलं. त्यात डीजे क्विकने लताबाईंचा आवाज वापरला होता, १९८१च्या ‘ज्योति’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’मधला. त्याच गाण्यात पाहुणा रॅपर आहे तो राकिम, ‘पेड इन फुल’वाला. संगीतकार बप्पी लाहिरींना श्रेय दिलेलं नव्हतं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००३मध्ये, श्रेय देत नाही तोवर विक्री थांबवा, असा आदेश निघाला. मॅडलिब या प्रोड्यूसरने तर २००७मध्ये हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ असा अख्खा वाद्यसंगीताचा अल्बम केला. जुनी गाणी पाठ असलेल्या आई-वडिलांना शेजारी बसवून ऐका. मूळ गाणं ओळखण्यात ते तुम्हाला सहज हरवतील.

काही अल्बम थोडे थांबवून

मॅडलिबचाच, एम.एफ. डूमबरोबरचा ‘मॅडव्हिलनी’ (२००४) नेटवर सगळे पहिल्याच दिवशी सुचवतात. माझा सल्ला उलटा आहे. त्यात बहुतेक गाण्यांना मुखडा नाही, दोन मिनिटांत गाणं संपतं आणि विनोद जुन्या रॅपच्या सवयींवर चालतो. त्या सवयी माहीत नसतील तर नुसती गंमतीदार बडबड वाटते. जे डिलाचा ‘डोनट्स’ (२००६) हा शब्दांविना, एकतीस छोट्या तुकड्यांचा. सॅम्पलची फेरी अंगवळणी पडल्यावरच त्याचं अप्रूप कळतं. तो आल्यानंतर तीनच दिवसांनी डिला गेला. केंड्रिक लमारचा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ (२०१५) मात्र लॉस एंजेलिसची पायरी झाली की लगेच घ्या. जॅझ, फंक, डॉ. ड्रेचं घराणं, सगळं तिथे एकत्र भेटतं.

राहिले टूपॅक आणि बिगी, नव्वदच्या दशकातले दोन सर्वांत गाजलेले रॅपर. या प्रवासात कुणी ना कुणी विचारणारच की दोघांत भारी कोण, आणि उत्तर न दिल्यास तुम्हाला काही कळत नाही असं ठरवणार. टूपॅकचा ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ (१९९५) घ्या; दोन तासांचा ‘ऑल आयझ ऑन मी’ पहिल्यांदा नको, त्यात भरताड आहे. बिगीचा ‘रेडी टू डाय’ (१९९४) घ्या. तो प्रीमियरच्या ‘अनबिलीव्हेबल’पासून सुरू केलात तरी चालेल, ओळखीची तबकडी खरवडलेली ऐकू येईल. दोघेही सहा महिन्यांच्या अंतराने, सप्टेंबर १९९६ आणि मार्च १९९७मध्ये, गोळीबारात गेले. एक पंचविशीत, एक चोविशीत. त्या दोन अल्बमांच्या आधी कुणाशी वाद घालू नका, आणि नंतर घालायचाच असेल तर ‘अनबिलीव्हेबल’चं दुसरं कडवं पाठ करून जा.